कासूचे मिस्त्री आणि आमची पिकअप

गाडी दारात आली की मिस्त्री आधी ड्रायव्हरशी बोलत नसत. पुढच्या बंपरवर दोन्ही तळवे ठेवायचे, अंगाचा भार टाकून गाडी खाली दाबायची, हात काढून घ्यायचे आणि डोळे मिटून उभं राहायचं. गाडी वर यायची, किंचित जास्तच वर यायची, मग जागेवर बसायची. एवढ्यात कोणी "काय झालंय हो हिला?" असं विचारलं, तर डोळे न उघडता म्हणायचे, "घाई नको. तिला परत येऊ द्या."

पेणहून रोह्याकडे तुम्ही कधी गेला असाल, तर कासूजवळ रस्त्याला लागून असलेली पत्र्याची शेड तुम्हीही पाहिली असेल. पाटी नव्हती. बाहेर एखादी पिकअप पुढून जॅकवर उचललेली, आणि तिच्याखालून दोन तळपाय बाहेर आलेले. ते तळपाय म्हणजे आमचे मिस्त्री. त्यांचं नाव मला ठाऊक होतं, पण नावाने हाक मी कधी मारली नाही. तेव्हा इथेही मारत नाही.

मी कोण, तेही सांगून टाकते. पेणला आमचा गणपतींचा कारखाना आहे. आम्ही शाडूच्या मूर्ती करतो, आणि त्या पोचवायला पिकअप मीच चालवते. "बाई माणूस आणि पिकअप?" म्हणून जो हसला, त्याला मी दोन किलोमीटर उलट्या गिअरमध्ये ऐकवलेलं आहे. माझा स्वभाव तापट. दुधाच्या आधी मी उतू जाते, असं आमचे बाबा म्हणतात.

बाबांनी ऐंशी ओलांडली. कारखाना मी सांभाळते, पण वर्षाला एक मूर्ती ते स्वतः करतात. अडीच फुटांची, रोह्याच्या एका आळीसाठी. मी जन्मायच्या आधीपासून ती आळी त्यांच्या हातचाच गणपती बसवते. वर्षभर बाबा त्या एका मूर्तीसाठी जगतात म्हटलं तरी चालेल. मूर्ती घेऊन ते माझ्याबरोबर रोह्याला जातात आणि विसर्जनापर्यंत तिथेच पाहुणे म्हणून राहतात.

आता शाडू म्हणजे भाजलेली माती नव्हे. सुकलेला शाडू जड आणि ठिसूळ. लागोपाठ दोन वर्षं आम्ही रोह्याला पोचलो, मूर्तीवरचं फडकं काढलं, आणि मानेला तडा. प्रतिष्ठा व्हायची होती म्हणून बरं. बाबांनी तिथेच आळीतल्या शाळेच्या ओट्यावर बसून ओल्या मातीने मान सांधली, वरून रंग लावला. दुसऱ्या वर्षी त्यांना त्याला दुप्पट वेळ लागला. काम झाल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणखी एकदा करून बघतो. पुढच्या वर्षी मान गेली, तर माझा हात संपला असं समज."

मी त्यांना तिथेच सोडलं. गाडीत बसले आणि एकटी परत निघाले. रिकामी गाडी पुढून धाडधाड आदळत होती, आणि मला वाटत होतं, हाच आवाज, ह्यानेच खाल्ली माझ्या बापाची मूर्ती! कासूला तळपाय दिसले तशी मी ब्रेक मारला.

"शॉकॉप्सर बदला," मी खिडकीतूनच ओरडले. "दोन्ही. आत्ताच्या आत्ता."

तळपायांमागोमाग एक सावकाश, वाळका, काळा माणूस बाहेर आला. साठीचा असेल. हात पुसले, बंपर दाबला, सोडला, डोळे मिटले. गाडी वर आली आणि शेवटी खाडकन आवाज झाला.

"आयकलात?" त्यांनी एक डोळा उघडला.

"काय ऐकायचंय?"

"ती वरती डोकं आपटती. शॉकॉप्सर चांगलं हायत."

मग त्यांनी दोरीवरचा पंचा घेतला, बादलीत बुचकळला आणि त्याचं एक टोक माझ्या हातात दिलं. मी इतकी चक्रावले की धरलं. "ह्ये तुमचं टोक म्हंजे चासी, गाडीचा सांगाडा. घट धरा. सोडायचं नाय." आणि दुसरं टोक धरून पिळायला लागले. पाणी माझ्या ओढणीवर. "ह्ये माझं टोक चाकाच्या आर्मला. चाक वर उचललं, मी पिळलो. आता बघा." त्यांनी बोटं सैल केली, तसा पंचा त्यांच्या हातात आपसूक उलटा फिरला. "पुढं पाटा नाय, स्प्रिंग नाय. नुसती सळई. दोन बाजूंना दोन. पिळायचं आन् परतायचं, जलमभर तिला येवढंच काम."

त्यांनी मला वाकून पाहायला लावलं. खरंच, अंगठ्यापेक्षा जाड अशी एकेक लांब सळई, चाकापासून निघून चासीच्या कडेने मागे, माझ्या सीटखालपर्यंत गेलेली. टॉर्शन बार. आठ वर्षं मी त्यांच्यावर बसून गाडी हाकत होते आणि त्या तिथे आहेत हे मला माहीत नव्हतं.

सळईच्या मागच्या टोकाला एक बोल्ट असतो. त्यावर बोट ठेवून मिस्त्री म्हणाले, "हा कुनी आवळला येवढा?"

मी सांगून टाकलं. बाबांचा एक हट्ट होता. बाप्पा बसलेल्या गाडीने मान टाकलेली असू नये, नाक वर पाहिजे. आमची पिकअप जुनी, पुढून जरा बसली होती. बाबांनी मला पेणमध्ये पिटाळलं, आणि मी एका गॅरेजात दोन्ही बोल्ट पार शेवटपर्यंत आवळून आणले. गाडी दिमाखात उभी राहिली. बाबा खूश. मलाही वाटलं, सळई आवळली म्हणजे कडक झाली, आता वजनाला दणकट.

"नाय ओ ताई," मिस्त्री म्हणाले. "सळई तीच ऱ्हायली. फक्त गाडी टाचा वर करून उभी. टाचा वर केलेल्या मान्सानं खड्ड्यात पाय टाकला तर काय व्हतं?" खड्डा आला की चाकाला खाली जायला जागा हवी. ती जागाच आम्ही बोल्टाने संपवली होती. चाक खाली उतरायच्या आधीच अडायचं आणि सगळी गाडी त्याच्या मागोमाग धाडकन खड्ड्यात पडायची.

"नाक कधी वर केलंत?"

"दोन वर्षं झाली."

"आन् मान कधीपास्नं जाते?"

मी ओल्या पंच्याचं टोक हातात धरून तशीच उभी राहिले. दोन वर्षं आम्ही रस्त्याला शिव्या दिल्या, मातीला दिल्या, दृष्ट काढली. बाबांनी स्वतःच्या हातांना दोष दिला. आणि मान मोडत होता त्यांचाच हट्ट. "आता जाते आणि सांगते त्यांना!" मी म्हणाले.

"कशाला?" मिस्त्री म्हणाले. "बापाला खोटा पाडून मूर्ती सांधनार हाय का? चाकाचं काम चाकाला करू द्या. बाबांना मी बघतो."

सण झाल्यावर मी गाडी त्यांच्याकडे सोडली. नंतर काही ना काही निमित्ताने जातच राहिले. खरं सांगायचं तर निमित्त नसलं तरी जात असे. त्या शेडमध्ये माझा आवाज आपोआप खाली यायचा.

त्यांचं लहानपण धरमतरच्या खाडीवर, मिठागरात गेलेलं. त्यामुळे मिठावर त्यांचा दात. "मीठ पोटात चांगलं. लोखंडावर नको." सळई काढली की ते तिच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नख फिरवायचे. कुठे ओरखडा, कुठे गंजाचा खड्डा. सळई मोडली तर तिथूनच मोडणार. आमच्या डाव्या सळईवर त्यांचं नख अडलं. ती त्यांनी बाद केली आणि दुसरी मिळवायला महिना लावला. कारण उजवी मिळत होती, आणि उजवी डावीकडे चालत नाही. "हिला येकाच अंगानं पिळायची सवय. उलट पिळली तर मोडल, पन आयकनार नाय." त्या वेळी त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते उगाच नव्हतं, असा माझा संशय आहे.

एकदा एक तरणाबांड गडी नवी कोरी पिकअप घेऊन आला. पुढून चार बोटं उचलून पाहिजे, रुबाब पाहिजे. मिस्त्रींनी बंपर दाबला, डोळे मिटले, उघडले. "गाडी ब्येस हाय. उंट पायजे तर उंट घ्या," म्हणाले आणि पुन्हा गाडीखाली गेले.

दुपारी भाकरी आणि जवळा खाऊन ते उभ्या गाडीखालीच गोणपाट टाकून झोपायचे. जॅक काढलेला, गाडी आपल्या चार चाकांवर. मी एकदा म्हटलं, "घरी जा की, दोन पावलांवर आहे." तर म्हणाले, "हितं आवाज येतो." कसला आवाज? तापलेली गाडी निवायला लागली की लोखंड हळूहळू टिकटिकतं, तो. मीही बाकावर बसून ऐकायला लागले. समोर भाताची खाचरं, पलीकडून रोह्याची गाडी शिट्टी देत गेलेली, आणि वाऱ्याला खाडीचा जरासा वास. डोळा कधी लागला कळलं नाही. उठले तेव्हा चार वाजले होते आणि माझ्यापुढे कोणीतरी चहा झाकून ठेवला होता.

पुढच्या गणपतीच्या आठ दिवस आधी त्यांनी बोल्ट लावून घेतले. सपाट जागी गाडी उभी केली आणि मला विचारलं, "बाबांचं वजन किती?" मी म्हटलं, पन्नास असेल. त्यांनी पन्नास किलो तांदळाची गोण उचलून बाबांच्या जागेवर ठेवली. "बसा बाबा, आरामात." मग मला माझ्या जागेवर बसवलं. मागे हौद्यात रेतीच्या गोण्या टाकल्या, कारण मागच्या चाकांना पाटे, आणि ओझं नसलं की पाटा उड्या मारतो. बांबूच्या काठीवर खूण करून डावी-उजवी उंची मापायची, बोल्ट जरासा फिरवायचा, गाडी हलवून बसवायची, पुन्हा मापायचं. मला कंटाळा आला. "घाई नको," ते म्हणाले. गोणीकडे पाहून म्हणाले, "बाबा बगा कसे गप बसलेत."

मूर्ती भरायच्या दिवशी सकाळी पॅसेंजरने मिस्त्री पेणला आले. धुतलेला शर्ट, केस चोपडलेले. बाबा वर्षभर गाडीकडे ढुंकून पाहत नाहीत, पण त्या दिवशी तिला स्वतः कुंकू लावतात. कुंकवाची वाटी घेऊन आले आणि थबकले. मूर्तिकाराचा डोळा तो!

"दोन बोटं खाली आहे. नाक कोणी खाली केलं?"

"मी," मिस्त्री म्हणाले.

"मूर्ती चढणार नाही," बाबा म्हणाले आणि वाटी खाली ठेवली.

माझ्या तोंडात शब्द येऊन थांबले होते. अहो, तुमच्याच हट्टाने मोडली हो! मिस्त्रींनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग बाबांच्या शेजारी उकिडवे बसले.

"बाबा, एक इचारू? मूर्ती वली आसताना पाटाला चिकटवून ठेवता का?"

"कोण मूर्ख चिकटवेल?" बाबा उसळले. माझा तापटपणा कुठून आला ते तुमच्या लक्षात आलं असेल. "खाली कागद असतो. शाडू सुकताना आखडतो. त्याला सरकायला जागा नको? नाहीतर तडकेल."

"तेवडीच जागा मी चाकाला दिली, बाबा."

बाबांनी वाकून चाकाच्या वरची जागा बोटांनी मापली. मग विचारलं, "दोनच बोटं?"

"दोनच."

त्यांनी वाटी उचलली आणि गाडीला कुंकू लावलं.

त्या दिवसाचा प्रवास मला अजून जागेपणी दिसतो. मूर्ती केबिनला टेकवून, खाली-भोवती पेंढा, वर ताडपत्री, आणि तिच्याजवळ पेंढ्यात मिस्त्री, एक हात मूर्तीच्या पाटावर. रस्ता गेल्या वर्षीचाच, खड्डेही जुनेच ओळखीचे. मी प्रत्येक खड्ड्याला श्वास धरायची आणि गाडी मात्र त्यात उतरून, वर येऊन, पुढे गेलेली असायची. भात फुटव्याला आलं होतं. पाऊस होता की धुकं होतं सांगता येणार नाही. नुसतं हिरवं आणि पांढरं आमच्या दोन्ही बाजूंनी मागे सरकत होतं. वाटायचं, गाडी रस्त्यावर नाहीच, खाडीत भरतीच्या पाण्यावर सोडली आहे, आणि रोहा जिथे असेल तिथून तेच आमच्याकडे येईल.

नागोठण्याच्या पुढे बाबा एकदम म्हणाले, "म्हणजे हाताने नव्हती जात मान."

"नाही, बाबा."

"नाक वर केल्याने जात होती."

मी गिअर बदलला. बाबांनी ओठ मिटले, खिडकीबाहेर पाहिलं, आणि थोड्या वेळाने त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरून पाहिलं, तर हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

रोह्याला ओट्यावर मूर्ती उतरवली. आळीतली माणसं जमली. बाबांनी फडकं काढलं आणि मानेवरून दोन बोटं फिरवली, पुढून, मागून, कानांच्या खालून. केसाएवढीसुद्धा भेग नव्हती. मी तिथेच सगळ्यांसमोर रडले. मिस्त्री पायातला पेंढा झटकत म्हणाले, "च्या मिळंल काय?"

त्यानंतर मिस्त्री दर वर्षी आले. बाबा आणि ते एकमेकांशी फार बोलायचे नाहीत. पण मिस्त्री आल्याशिवाय बाबा मूर्तीला हात लावू देत नसत, आणि संध्याकाळच्या गाडीने मिस्त्री रोह्याहून कासूला परत जाईपर्यंत दोघांचा चहा संपत नसे. मान पुन्हा कधी गेली नाही.

या माघात मिस्त्री गेले. दुपारी गाडीखाली झोपले, ते उठलेच नाहीत. चहावाला दोनदा चहा झाकून गेला. तिसऱ्यांदा त्याला शंका आली. गाडीने काही केलं नव्हतं, ती बिचारी चार चाकांवर उभी होती. मी आणि बाबा दोघेही कासूला गेलो. बाबांनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, मोठ्याने रडले.

पण वैशाखापासून बाबांचं विसरणं वाढलं. औषध घेतलं की नाही, आई जाऊन किती वर्षं झाली, असं. हात मात्र विसरले नाहीत. यंदाची मूर्ती त्यांनी केली ती गेल्या पाच वर्षांत सर्वांत चांगली. मलाच कळेना, ज्या माणसाला सकाळचं जेवण आठवत नाही, त्याच्या बोटांना सोंडेचं वळण कसं आठवतं.

भरायच्या दिवशी कुंकवाची वाटी घेऊन बाबा अंगणात आले. "मिस्त्री आले?"

मूर्ती उचलायला आलेली माणसं माझ्याकडे बघायला लागली.

"पॅसेंजर लेट असेल," बाबा म्हणाले. "थांबू या. ते आल्याशिवाय चढवायची नाही." आणि मूर्तीशेजारी खुर्ची टाकून बसले.

एक तास गेला. रोह्याहून दोन फोन आले. एरवी मी अंगण डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी मी उगाच पेंढा इकडचा तिकडे करत राहिले. त्यांना सांगायचं, आणि त्यांनी ते आज पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकायचं? मी त्यांना तोंड धुवायला आत पाठवलं, माणसांना खूण केली. मूर्ती चढवली, दोन्ही बाजूंना पेंढा ठासला, दोर आवळले, ताडपत्री टाकली. मूर्तीशेजारी कोणी बसायला तयार होतं, मी नको म्हटलं.

बाबा बाहेर आले. "आले?"

"आले, बाबा. मागे बसलेत."

"मग हळू घे गो," ते म्हणाले आणि चढून आपल्या जागी बसले.

बोल्ट मिस्त्रींनीच गेल्या वर्षी लावले होते, तसेच होते. मी हळू घेतली. इतकी हळू की मागचे ट्रकवाले शिव्या देऊन पुढे गेले, आणि मी एकालाही उलटून बोलले नाही. कासूची शेड बंद होती. बाबांचा डोळा लागला होता.

रोह्याला फडकं बाबांनीच काढलं. दोन बोटं मानेवरून फिरवली. सगळीकडून फिरवली. मूर्ती अखंड होती. बाबांचा चेहरा उजळला आणि ते वळून गाडीकडे बघायला लागले.

"मिस्त्री कुठायत? चहा सांग त्यांना."

"कासूला उतरले, बाबा. घर आलं म्हणून."

"उतरले?" बाबांचा चेहरा उतरला. मग ते चांगलेच रागावले. "आणि सांगून नाही गेले? माणसाने निदान सांगून जावं गो."

"मलासुद्धा नाही सांगितलं, बाबा," मी म्हणाले.